जावक क्रमांक चौदा

३ जून

ती. मावशी,
सा. न.

फोनवर तू म्हणालीस, "महत्त्वाचं असेल ते लिहून कळव, बोललेलं फायलीला लागत नाही." म्हणून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

नोकरीला तीन महिने झाले. हुद्दा "कनिष्ठ सहायक, संपर्क व पाठपुरावा". दारावरच्या पाटीत एवढं मावलं नाही, म्हणून पाटीवर नुसतंच "कनिष्ठ" आहे. काम सोपं आहे. आमची संस्था निर्वासितांची बाजू मांडते. ती बाजू ज्या फायलीत असते ती फाईल घेऊन मी रस्ता ओलांडते, समोरच्या सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाते आणि नोंदणी कक्षाच्या साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसते. साहेब फाईल उघडतात, "त्रुटी" असा शिक्का मारतात, मी परत येते. हा झाला संपर्क. दुसऱ्या दिवशी तीच फाईल घेऊन पुन्हा जायचं, हा पाठपुरावा. आमच्या ऑफिसात त्यांना त्रुटीसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. शिक्का सरळ उमटतो का ते बघतात.

आता महत्त्वाचं. एक शिंपीणबाई आहे. गेल्या वर्षी सरहद्द ओलांडून आली, बरोबर चार वर्षांची पोर. चौकीवर विचारलं, मुलगी कोणाची? म्हणाली, माझी. कागदावर लिहिलं गेलं, "नाते : आई". वर्षभरानं इथे शपथेवर दुसरा जबाब झाला. तेव्हा म्हणाली, माझ्या बहिणीची. पोर तीन महिन्यांची असतानाच बहीण तापानं गेली. झालं. त्रुटीसाहेबांनी शेरा मारला, "विधाने विसंगत. नाते संशयास्पद." तीस जूनला सुनावणी आहे. तोवर खुलासा पटला नाही तर पोर दुसऱ्या शहरातल्या बालगृहात जाणार आणि बाई इथे राहणार.

बाईला किती वेळा विचारलं. पोर मांडीवर घेऊन बसते आणि एकच सांगते, "दोन्ही खरं." आता ह्याचं टिपण मी काय लिहू? आमच्या मोठ्या बाई म्हणतात, "तूच लिही, शिकशील." तू चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात नोंदी केल्यास. काहीतरी सुचव.

आणखी एक बारीकसं. आमच्या ऑफिसचं माहितीपत्रक भरायचं राहिलंय. त्यात "आईचे नाव (शाळेच्या दाखल्याप्रमाणे)" असा रकाना आहे. माझ्या दाखल्यावर आईच्या जागी तुझं नाव पडलंय. शाळा सोडतानाच पाहिलं होतं. सगळ्या नोकरीत तुझी एवढी एकच चूक. तुला लागेल म्हणून बोलले नव्हते. आता बोलावं लागतंय. दुरुस्ती होईल का?

तुझी,
ठमी


जा. क्र. १२
७ जून

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या सात चुका लाल शाईनं दाखवून सोबत परत पाठवते आहे. "शिंपीण" बरोबर लिहिलंस, त्याचं कौतुक वाटलं.

टिपणाबद्दल. साहेब लोकांना लांबण लावलेली आवडत नाही. पहिल्या परिच्छेदात कोण, दुसऱ्यात काय झालं, तिसऱ्यात काय पाहिजे. विनंती एकदाच करायची. दोनदा केली की गरज वाटते, तीनदा केली की सवय वाटते. मावशीनं मुलीला आईसारखं वाढवलं हे पटवायचं तर पानभर गहिवर नको. एक म्हण घाल, पुरे होईल. "माय मरो पण मावशी जगो." आपल्याकडे हे ऐकलं की कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. मी स्वतः दोन इन्स्पेक्टर या म्हणीवर परत पाठवलेत.

तुझ्या माहितीपत्रकाचं नंतर बघू. घाई नाही.

स्वेटर घेऊन गेलीस का? कपाटात दिसत नाही.

मावशी


१४ जून

ती. मावशी,
सा. न.

म्हण घातली.

इथे आधी थोडं सांगायला हवं. सरकारी कक्षात कागद त्यांच्याच भाषेत लागतो. मी आपल्या भाषेत लिहिते आणि आमचे दुभाषीकाका ते तिकडच्या भाषेत उतरवतात. बाईशी बोलतानाही तेच मध्ये असतात. काकांना पाच भाषा येतात आणि एकही विनोद समजत नाही. त्यांचं एक तत्त्व आहे, "मी अर्थ लावत नाही, शब्द लावतो." त्यांनी तुझ्या म्हणीचे शब्द लावले. माझ्यासमोरच लावले. पण मला ती भाषा अजून नीट वाचता येत नाही, म्हणून मी मान डोलावली आणि खाली सही केली.

परवा फाईल परत आली. काकांनी शब्द लावून दिलेला शेरा उतरवून देते :

"अर्जदार स्त्री मुलीच्या आईने मरावे व स्वतः जगावे अशी इच्छा बाळगून होती, असे आपल्याच टिपणात नमूद आहे. सबब आईच्या मृत्यूचे कारण, दिनांक व त्या वेळी अर्जदार कोठे होती, याचा खुलासा सुनावणीपूर्वी सादर करावा."

म्हणजे आधी बाईवर खोटं बोलल्याचा संशय होता, आता खुनाचा आहे. तीन महिन्यांच्या नोकरीत मी एवढी प्रगती केली.

मी काकांना म्हटलं, "काका, ही म्हण आहे हो, कौतुक आहे हे." काका म्हणाले, "कौतुकात आई कशाला मारली?" ह्याचं उत्तर तुला येत असेल तर कळव. मोठ्या बाईंनी माझ्यासाठी चहा मागवला, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते समजलं.

मला खरंच भीती वाटतेय, मावशी. बाईला शेरा वाचून दाखवला तेव्हा तिनं पोरीचे कान झाकले. बालगृहाचं नाव निघाल्यापासून पोर तिला क्षणभर सोडत नाही. बाई शिवणयंत्र चालवते तेव्हाही खाली पायांशी बसून असते.

स्वेटर माझ्याकडेच आहे.

ठमी


जा. क्र. १३
१७ जून

चि. ठमे,
आशीर्वाद.

म्हण मी सुचवली, तेव्हा जबाबदारी माझी. तसं लिहून द्यायचं असेल तर देईन, सहीनिशी. मात्र तुझ्या काकांना सांग की चौतीस वर्षांत ह्या म्हणीनं कोणाची माय मेलेली नाही.

आता रडत बसू नकोस. रडायला वेळ आहे, तेरा दिवस आहेत, पण त्यात दोन रविवार वजा कर. मला दोन्ही जबाबांची हुबेहूब नक्कल पाठव. मजकूर तर पाठवच, पण वरची आणि खालची जागा सोडू नकोस. तारीख, वेळ, कुठे झाला, कोण हजर होतं, अंगठा की सही. लोक मजकूर वाचतात आणि फसतात. कागदाचं खरं समासात असतं.

बाईवर चिडू नकोस. "दोन्ही खरं" म्हणणारा माणूस एक तर लबाड असतो, नाहीतर त्याला पुढचं बोलता येत नसतं.

मावशी


२१ जून

ती. मावशी,
सा. न.

नकला सोबत आहेत, काकांनी आपल्या भाषेत उतरवलेल्या. पहिला जबाब चौकीवरचा, चार ओळींचा. समासात "मूल : सोबत, कडेवर" एवढंच आहे. दुसरा तीन पानी, वेळ सकाळी ११ ते ११.४०, खोली क्रमांक ६, हजर म्हणून अधिकारी, दुभाषी आणि अर्जदार. त्यात मला काही सापडलं नाही. तू बघ.

चिडू नकोस म्हणालीस, पण चिडलेच. काल बाईला म्हटलं, "अहो, तुम्ही आई की मावशी, एकदा काय ते सांगून टाका, म्हणजे मला लिहिता येईल." तिनं पोरीकडे बघितलं आणि फ्रॉकच्या बटणाचा दोरा तोडत बसली. मला वाटतं, ती काहीतरी लपवतेय. लपवायचं नसतं तर माणूस बोलतो ना?

आणि माहितीपत्रकाचं काय? हिशेबनीस रोज विचारतात. तू दोन्ही पत्रांत विषय टाळलास. एक साधी चूक झाली म्हणून इतकं काय, मावशी? होतात चुका. मी तर सहीनिशी केली.

ठमी


जा. क्र. १५
२४ जून

चि. ठमे,
आशीर्वाद.

नकला पाहिल्या. थोडक्यात लिहिते, टपाल निघायचंय.

पहिल्या जबाबाला पोर कडेवर होती. चार वर्षांच्या पोरीला सगळं समजतं. दुसऱ्या जबाबाच्या हजर यादीत पोर नाही. चाळीस मिनिटं ती कुठे होती ते शोध. त्या तारखेची दुसरी कुठली तरी नोंद असेलच. मूल कुठेही गेलं की त्याच्या नावानं कागद होतो.

मला वाटतं, पोर हिलाच आई समजते. पोरीच्या देखत "मी आई नाही" हे बाईच्या तोंडून निघत नाही, आणि पोरीच्या पाठीमागे शपथेवर खोटं बोलवत नाही. म्हणून दोन जबाब. ह्यात विसंगत काही नाही. तू विचारलंस तेव्हाही पोर मांडीवर होती, तेव्हा तुला काय सांगणार ती?

पोरीला काहीतरी काम देऊन खोलीबाहेर पाठव आणि मग विचार. आणि सुनावणीत पोर आत असता कामा नये. काहीही कर, पण ते बघ. नाहीतर तिला तिथे, साहेबांच्या टेबलासमोर, परक्या माणसाच्या तोंडून कळेल.

मावशी


२ जुलै

ती. मावशी,
सा. न.

सगळं क्रमानं सांगते.

पंचवीस तारखेपासून मी शोधत होते. सत्तावीसला सापडलं. दुसऱ्या जबाबाच्या दिवशी पोरीला तळमजल्यावरच्या दवाखान्यात लस टोचायला नेलं होतं. कार्डावर शिक्का आहे, वेळ ११.१०. परिचारिकेनं शेजारी लिहिलंय, "फार रडली." मी ते कार्ड हातात घेऊन जिन्यात बसले आणि मीही तेच केलं.

मग पोरीला बटणांचा डबा दिला, रंग वेगळे कर म्हटलं, आणि दार लोटलं. बाई सलग वीस मिनिटं बोलली. काका शब्द लावत होते. मध्येच ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्याचा अर्थच सांगतो." तू म्हणालीस तसंच निघालं. चौकीवरच्या शिपायानं विचारलं तेव्हा पोरीचा हात तिच्या गळ्यात होता.

तीस तारखेला सुनावणी. मी साहेबांना म्हटलं, मुलीला आत बोलवू नका. ते म्हणाले, "नियम आहे. मूल हजर पाहिजे." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं, बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "इमारतीत हजर असं म्हटलंय. खोलीत असं म्हटलेलं नाही." मग टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली गोळा करून पोरीला दिल्या आणि शिपायाबरोबर टोक करायला बाहेर पाठवलं. बारा पेन्सिली होत्या. त्यातल्या नऊंना आधीच टोक होतं.

मी कार्ड पुढे ठेवलं, चौकीचा समास दाखवला. साहेबांनी कार्डावरची आणि जबाबावरची वेळ बोटानं ताडून पाहिली. मग विचारलं, "हे तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हटलं, "माझ्या मावशीनं कळवलं." त्यांनी विचारलं, "त्या वकील आहेत?" म्हटलं, "शाळेत कारकून होत्या." ते म्हणाले, "तरीच."

शेरा असा : "दोन्ही विधाने सुसंगत. पहिल्या वेळी मूल ऐकत होते. मूल अर्जदाराकडेच राहील. टिपणातील म्हण अभिलेखातून वगळावी." शिक्का मारला नाही. त्यांच्याकडे दुसरा शिक्काच नाही, हाताने लिहावं लागलं.

पोर राहिली, मावशी! मला अजून खरं वाटत नाही. बाहेर आलो तर ती सगळ्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावून बसली होती.

आता दोन प्रश्न. पहिला शिंपीणबाईचा. ती विचारते, पोरीला कधी सांगायचं आणि कसं? पुढच्या वर्षी शाळेत घालायचीय, तिथे कागद बघून कुणीतरी बोलेलच. मी म्हटलं, मावशीला विचारून सांगते. तू मला कसं सांगितलंस? मला अजिबात आठवत नाही. मला आठवतंय तेव्हापासून तू मावशीच आहेस.

दुसरा माझा. तुझी पत्रं मी फायलीला लावते, तुझ्याच पद्धतीनं. बारा आहे, तेरा आहे, पंधरा आहे. चौदा कुठंय? टपालात हरवलं म्हणावं तर तू कधी चौकशी केली नाहीस. आणि तुझा क्रमांक चुकत नाही.

ठमी


जा. क्र. १६
६ जुलै

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद.

पोर राहिली हे वाचून फार आनंद झाला. पत्र दोनदा वाचलं. चुका काढल्या नाहीत.

चौदा हरवलेलं नाही. लिहिलं, जावक रजिस्टरला चढवलं, पाकिटावर तिकीटही लावलं, आणि मग टाकायला धीर झाला नाही. एकदा चढवलेला क्रमांक खोडता येत नाही, म्हणून पुढच्याला पंधरा द्यावा लागला. ते सोबत पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे पुढे वाच.

...

वाचलंस? आता बाईच्या प्रश्नाचं उत्तर.

मी तुला सांगितलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. आपण नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होतो. समोरासमोर बसून सांगू नये. हातात काम असावं, म्हणजे बघायला कुठेतरी जागा असते. मी म्हटलं, तुझी आई म्हणजे माझी मोठी बहीण, ती तू दीड वर्षाची असताना गेली. तू विचारलंस, "मग तू कोण?" मी म्हटलं, मावशी. तू म्हणालीस, "भूगोलाचं लेबल तिरकं लागलंय." मी ते काढून पुन्हा लावलं.

रात्री अंथरुणात तू विचारलंस, "आता तुला काय म्हणू?" मी म्हटलं, मावशी म्हण. रजिस्टरात एक खोटं लिहून बसले होते, घरात तरी नोंद खरी असावी असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तू मावशी म्हणायला लागलीस. एकदाही चुकली नाहीस. मला वाटलं होतं, चुकशील एखाद्या वेळी.

तेव्हा बाईला सांग, शाळेत घालायच्या आधी सांग, काम करता करता सांग, खरं सांग. पण काय म्हणायचं ते तुझं तू ठरवू नकोस, पोरीला ठरवू दे. मी तेवढं विचारायला हवं होतं.

मावशी


जा. क्र. १४
२३ जून

चि. ठमे,
आशीर्वाद.

तू दाखला पाहिला आहेस हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं गप्प बसलीस, मला लागेल म्हणून. तुझ्या समजूतदारपणाचा मला राग आलाय.

ती चूक नाही.

तुला शाळेत घातलं त्या दिवशी रजिस्टर माझ्याच पुढ्यात होतं. हेडमास्तर बाजूच्या खुर्चीवर. तू टेबलाच्या कडेला, नाक जेमतेम टेबलाच्या वर, शाईच्या पॅडमध्ये बोट घालून उभी. तेव्हा तू मला आई म्हणायचीस. मी शिकवलं नव्हतं, तुझं तूच सुरू केलं होतंस, आणि मी थांबवलं नव्हतं. हेडमास्तरांनी एकेक रकाना विचारला. नाव. जन्मतारीख. मग म्हणाले, "आईचं नाव?" त्यांना सगळं माहीत होतं, तरी रकाना होता म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू शाईचं बोट माझ्याकडे केलंस आणि म्हणालीस, "ही काय!"

पेन हातात होतं. मी माझं नाव लिहिलं.

हेडमास्तरांनी वाचलं, सही केली आणि म्हणाले, "शाई वाळू द्या." पुढे तुझा दाखला मीच लिहिला, रजिस्टरावरून, अक्षर न् अक्षर. दुरुस्ती करायची संधी तेव्हाही होती. केली नाही. चौतीस वर्षांत जाणूनबुजून केलेली एकच खोटी नोंद, आणि दरवर्षी तपासणीच्या वेळी मी ते पान उघडून बघायची, जागेवर आहे ना म्हणून.

त्या शिंपीणबाईचे जबाब वाचले आणि मला समास बघायची गरजही पडली नाही. तरी समास बघ असंच उद्या तुला लिहीन. हे पत्र टाकेन की नाही, माहीत नाही.

मावशी


११ जुलै

ती. मावशी,
सा. न.

दोन्ही पत्रं पोचली. फायलीला लावली. चौदा नंबर तेराच्या पुढे, जिथल्या तिथे.

बाईला तुझा निरोप दिला. तिनं परवाच सांगून टाकलं, बटणं लावता लावता. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आई हेच नाव चालू ठेवा, दुसरं लक्षात राहणार नाही. बाईनं हे मला सांगितलं आणि काकांनी शब्दाला शब्द लावला, काही गाळलं नाही.

माहितीपत्रक भरून दिलं. आईचे नाव, दाखल्याप्रमाणे. हिशेबनिसांनी विचारलं, "बरोबर आहे ना? नंतर दुरुस्ती होत नाही." मी म्हटलं, होत नाही तेच बरं आहे.

तुला रडलेलं आवडत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. पण आठ वर्षांची असताना मला कुणी विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा मिळतेय. येते.

ठमी

ता. क. अगदी वर, मायन्यात, "मावशी"च्या आधी एक शब्द लिहून खोडलाय. खाडाखोडीला तू गुण कापतेस, पण हे लाल शाईनं तपासू नकोस. खोडलेलंही वाचता येतं. दोन्ही खरं.